दर्या, देऊळ आणि गाव : पेडणे महालाच्या किनाऱ्यावरील लोकजीवन

गोमंतकाच्या उत्तर टोकाला तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्या अरबी समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखांमध्ये वाळूची जी लांब पट्टी पसरली आहे ती पेडणे महालाची किनारपट्टी होय. तेरेखोल हा गाव तेवढा त्याच नावाच्या नदीपलीकडे एकटा पडला आहे. अलीकडे केरी, हरमल, मांद्रे आणि मोरजी ही गावे एकापुढे एक उभी आहेत. पुढे पाणी, मागे माडांची बागायत, तिच्यामागे भाताची शेते आणि सर्वांच्या पाठीशी जांभ्या दगडाचे सडे अशी या गावांची ठेवण आहे. प्रत्येक गावाला ग्रामदेवता आहे, आणि किनाऱ्याला लागून मासेमारांचा एखादा तरी वाडा आहे.

या गावांचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे सामान्यतः दोन साधने हाताशी येतात. एक राजसत्तांच्या सनदा व तहनामे; दुसरे देवस्थानच्या दप्तरातील जमिनींच्या नोंदी आणि महाजनांची नामावली. दोन्ही साधने मोलाची आहेत. परंतु त्यांत एक मोठी उणीव आहे. ज्या दर्याने या गावांना अन्न दिले आणि ज्या माणसांनी त्या दर्यावर आयुष्य काढले, त्यांच्याविषयी ही साधने जवळजवळ मौन पाळतात. वस्तुतः किनाऱ्यावरील देवळाचे वर्ष आणि समुद्राचे वर्ष ही दोन वेगळी वर्षे कधीच नव्हती. ती एकमेकांत कशी गुंतली होती आणि आता त्यांची गाठ कोठे सैल होत आहे, हे पाहणे महाजन कुटुंबांच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

दोन राजवटींमधली नदी

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये बार्देश व साष्टी हे महाल त्यांच्या ताब्यात आले. सोळाव्या शतकात या जुन्या काबिजादीतील देवळे पाडण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झाले. त्या काळात भाविकांनी आपल्या देवता नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखात नेल्या. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. ऐन समुद्रकाठच्या कळंगुट गावची शांतादुर्गा डिचोलीतील नानोडा येथे गेली. दर्याच्या गाजेत वाढलेल्या देवतेने डोंगराच्या कुशीत आसरा घेतला, आणि तिचे कुळावी वर्षातून एकदा तरी खाडी ओलांडून तिच्या पायांशी येऊ लागले.

पेडण्याच्या वाट्याला हे स्थलांतर आले नाही. शापोरा नदीच्या उत्तरेस सावंतवाडीकर सावंत भोसल्यांचा अंमल होता. १७४६ मध्ये तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला, तरी महालाचा मुख्य भाग सावंतांकडेच राहिला. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हा देवळे पाडण्याचे दिवस सरले होते. नव्या काबिजादीतील रयतेचे धर्माचार व रूढी पाळल्या जातील, हे धोरण तेव्हा मान्य झाले होते. म्हणूनच मोरजीची मोरजाई, मांद्र्याची भगवती, पेडण्याची भगवती, केरीचा आजोबा ही दैवते आपापल्या गावीच नांदत राहिली. नदीच्या दक्षिण तीरावरील शिवोली आणि उत्तर तीरावरील मोरजी यांच्यात होडीने काही पळांचेच अंतर. पण जवळजवळ अडीच शतके त्या दोन तीरांवर दोन निराळे इतिहास घडत होते.

बहिणींची गोष्ट

राजवटींनी आखलेल्या या सीमा लोकमानसाने मात्र पूर्णपणे कधीच मान्य केल्या नाहीत. याचा पुरावा म्हणजे सात बहिणींची कथा होय. लईराई, केळबाय, महामाया, मोरजाई, मीराबाय, शीतळाई आणि अंजादीपा या बहिणी आणि त्यांचा भाऊ खेतोबा या प्रांतात आले व निरनिराळ्या ठिकाणी स्थिरावले, असे परंपरा सांगते. नावांत आणि क्रमात पाठभेद आहेत. परंतु ठिकाणे बहुतांशी ठरलेली आहेत. लईराई शिरगावात, केळबाय मुळगावात, महामाया मये येथे आणि खेतोबा वायंगिणीस राहिला. ही सारी ठिकाणे डिचोली महालातील. मोरजाईने समुद्रकाठ निवडला आणि तिच्या नावाने मोरजी गाव ओळखला जाऊ लागला. मीराबाय बार्देशात म्हापशाला गेली. लोक तिलाच आज मिलाग्रीस सायबीण म्हणून ओळखतात, आणि शिरगावची जत्रा व म्हापशाचे फेस्त यांच्या निमित्ताने बहिणी-बहिणींत तेल व फुले यांची देवाणघेवाण होते, असे दोन्हीकडचे भाविक श्रद्धेने सांगतात.

या कथेची ऐतिहासिक चिकित्सा करणे हा येथे हेतू नाही. ती कथा काय जपते हे महत्त्वाचे आहे. डोंगराकडचा गाव आणि किनाऱ्याकडचा गाव एकमेकांचे सोयरे आहेत, ही जाणीव तिने शतकानुशतके जिवंत ठेवली. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या जत्रेस जाणारे धोंड सर्व महालांतून येतात. व्रताच्या दिवसांत ते शुचिर्भूत राहतात, मत्स्याहार वर्ज्य करतात, तळीवर स्नान करतात आणि हातात रंगीत गोंडे लावलेले वेत घेऊन उत्तररात्री होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालून जातात. किनाऱ्यावरच्या माणसाला काही दिवस मासळी वर्ज्य करणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यासच कळेल. त्या व्रतात बहिणीच्या घरी जाण्याचे अगत्यही आहे.

समुद्राचे वर्ष, देवळाचे वर्ष

मृग नक्षत्र लागले की दर्या बंद होई. होड्या वाळूवर ओढून, माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवल्या जात. खवळलेल्या समुद्रात जाणे धोक्याचे असते एवढेच त्याचे कारण नव्हते. हेच महिने अनेक जातींच्या मासळीच्या विणीचे असतात. पुढे येणाऱ्या श्रावणात घरोघरी सामिष वर्ज्य असे; म्हणजे घरातील व्रत आणि दर्याची विश्रांती यांचा मेळ आपोआपच बसे. आज सरकार १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी घालते. जे शास्त्र या कायद्यामागे आहे, त्याचे व्यवहारज्ञान पूर्वजांना होते आणि त्यांनी ते पंचांगात बसविले होते.

नारळी पौर्णिमेला समुद्रास श्रीफळ अर्पण करून पुन्हा दर्याशी बोलणे सुरू होई. पावसाळ्यात तळचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी किनाऱ्याजवळ वर येते. त्यावर सूक्ष्म जीवसृष्टी वाढते आणि तिच्यामागोमाग तारली, पेडवे व बांगडे यांचे थवे किनारा गाठतात. भाद्रपदातील चवथ आटोपता आटोपता रापणीचा हंगाम उभा राही. दसऱ्याला तरंगे निघत. कोजागिरीस पेडण्याची पुनव भरे आणि तिला किनाऱ्याकडील गावांतून माणसे पायी जात. कार्तिकापासून जत्रांचा काळ सुरू होई. त्याच दिवसांत समुद्र शांत, मासळी मुबलक आणि कष्टकऱ्याच्या हातात चार पैसे असत. देवळाचा उत्सव आणि घरची सुबत्ता एकाच ऋतूत यावी, हा योगायोग नव्हे. जत्रेतील दुकाने, दिवाबत्ती, नवस फेडणे, दशावतारी मंडळीस द्यावयाची बिदागी या सर्वांमागे दर्याची कमाई होती.

दशावतारी दहिकाल्याचा प्रारंभ शंखासुराने होतो. वेद पळविणाऱ्या या दैत्याचा श्रीविष्णू वध करतो आणि त्यामागे मत्स्यावताराची कथा आहे. मांडवासमोर बसलेल्या मासेमार मुलांना तो अवतार परका वाटत नसे. मासा हे त्यांचे अन्न होते, उपजीविका होती आणि देवाचे पहिले रूपही होते. फाल्गुनात शिगमा येई. डिचोलीकडे घोडेमोडणी नाचे, पेडण्याकडे रोमटांचे मेळ ढोल-ताशांच्या गजरात देवळाच्या प्रांगणात येत. चैत्र-वैशाखात मासळी सुकविण्याची आणि पावसाळ्याच्या बेगमीची घाई सुरू होई. मोरजाईचा कळसोत्सव काही दरवर्षी होत नाही. तो काही वर्षांच्या अंतराने येतो. परंतु येतो तेव्हा तो एका घराण्याचा किंवा एका वाड्याचा राहत नाही, साऱ्या गावाचा होतो.

रापण : एक अलिखित घटना

या किनाऱ्याच्या समाजजीवनाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर रापण पाहिली पाहिजे. रापण म्हणजे केवळ जाळे नव्हे. ती जाळ्याच्या निमित्ताने उभी राहिलेली एक संस्था आहे.

सकाळच्या प्रहरी जाणता माणूस उंचवट्यावर उभा राहून पाणी न्याहाळी. पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी आणि पृष्ठभागावरची थरथर यांवरून मासळीचा थवा कोठे आहे हे तो ओळखी. त्याने खूण केली की जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी पाण्यात जाई आणि अर्धवर्तुळाकार फिरून दुसरे टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणी. मग दोन्ही दोरांना तीस, चाळीस, कधी त्याहून अधिक माणसे लागत. तालात पाय रोवून, एका सुरात हाक देत ती दोर ओढीत आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत. शेवटी जाळ्याची झोळी वाळूवर येई तेव्हा तीत चांदीसारखी मासळी फडफडत असे. पूर्वी ही जाळी सुताची व तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून काढीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचा धागा आला आणि तो खटाटोप संपला.

खरे कौशल्य यापुढे असे. मासळीचे वाटे पडत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वय झालेला माणूस दोराला नुसता हात लावून उभा राहिला तरी त्याला रिकाम्या हाताने पाठवीत नसत. वाटेने जाणारा सहज मदतीस आला तर त्याच्याही पदरात चार बांगडे पडत. कोकणपट्टीतील रापणसंघांत देवकार्यासाठी काही भाग बाजूला काढण्याचीही रीत आढळते. या सर्व वाट्यांचा कागद कोठेही नव्हता. भांडण झाले तर ते गावातील जाणत्यांपुढे, बारापाचाच्या मानकऱ्यांपुढे येई, आणि शेवटचा शब्द देवळात गाऱ्हाणे घालून, कौलप्रसाद घेऊन मिळे. रापणीच्या या अलिखित घटनेला देऊळ हेच न्यायासन होते.

गाबीत आणि खारवी समाजातील कुटुंबे या व्यवसायाचा कणा होती. परंतु भंडारी, कुळवाडी व ख्रिस्ती शेजारीही हंगामात दोराला लागत. माडाच्या बागायतीला सुक्या तारलीचे खत लागे, ते मासेमारांकडून येई. जाळ्याला व होडीला काथ्याचे दोर लागत, ते बागायतीतून येत. दोन व्यवसाय एकमेकांचे ऋणानुबंधी होते.

मिठाची गोष्ट

पुरुष दर्यावर जात. बाजार बायका सांभाळीत. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्या पेडण्याच्या बाजारास, तरीने नदी ओलांडून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास आणि सुकी मासळी घेऊन त्याहून लांबच्या गावांना जात. कित्येकदा पैशांऐवजी भात घेत. आतल्या गावांतील शेतकऱ्याच्या घरी पावसाळ्यात शिजणारी सुकी मासळी आणि किनाऱ्यावरच्या घरी शिजणारा भात या दोन्हींची ने-आण त्यांच्या डोक्यावरून झाली.

सुक्या मासळीला मीठ लागते. शापोरा नदीकाठचा आगरवाडा हा गाव मिठागरांबद्दल प्रसिद्ध. आगर या शब्दाचा अर्थच मिठागर असा आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगाल व इंग्लंड यांच्यात करार झाला आणि त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर व विक्रीवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आले. मुरगावचे बंदर व लोहमार्ग उभारण्यास या कराराने चालना मिळाली, हे खरे. परंतु कित्येक मिठागरे बंद पडली, मीठ महागले आणि ज्या घरात मासळी खारवून पावसाळा काढावयाचा त्या घराला त्याची झळ लागली. लिस्बन येथे झालेल्या सह्यांचा परिणाम पेडण्याच्या मासेमार बाईच्या पाटीवर झाला. १८९२ मध्ये तो करार संपला. पुढे १९३० मध्ये तेरेखोल नदीपलीकडच्या शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा नदीच्या या तीरावर राहणाऱ्यांना मिठाचा कर काय असतो हे नव्याने सांगावे लागले नसेल.

सीमेवरची वर्षे

सावंतवाडी, बांदा, आरोंदा, शिरोडे, वेंगुर्ले ही पेडणेकरांच्या सोयरिकीची व बाजाराची गावे. १९४७ नंतर ती परदेशात गेली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवी येथे सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि अनेकांना हौतात्म्य आले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली व आर्थिक नाकेबंदी लागू झाली. लेक दिलेली गावे पलीकडे राहिली. जत्रेला येणारे आप्त येईनासे झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा पेडण्याच्या किनाऱ्यावरील घरांना स्वातंत्र्याचा पहिला अर्थ कळला तो बंद वाटा मोकळ्या झाल्याचा.

मुक्तीनंतरचे दर्याचे दिवस

मुक्तीनंतर जमिनीचे कायदे बदलले. १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांनी गावाची घडी पालटली. किनाऱ्यावरील मासेमारांची पुष्कळ घरे भाटकारांच्या, काही ठिकाणी देवस्थानच्या माडाच्या भाटात होती. ज्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली तेथून आपणास उठविता येणार नाही, ही हमी मासेमाराला कायद्याने प्रथमच मिळाली. कित्येक महाजन कुटुंबांनी त्या काळात हा बदल समजुतीने स्वीकारला. काही ठिकाणी कटुताही आली. दोन्ही गोष्टी इतिहासाचाच भाग आहेत.

दर्यावरचा बदल अधिक कठोर होता. साठच्या दशकात सरकारी कर्जे व अनुदाने देऊन यांत्रिक नौका आणण्यात आल्या. जपान व अमेरिका येथे गोठविलेल्या कोळंबीला मोठी मागणी होती. तळ खरवडीत जाणारी ट्रॉलरची जाळी किनाऱ्याजवळच कोळंबी शोधू लागली आणि तिच्याबरोबर लहान मासळी व अंडी यांचाही नाश करू लागली. रापणी रिकाम्या येऊ लागल्या. सत्तरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी मोठे आंदोलन केले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते त्यातून पुढे आले. १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, आणि किनाऱ्यालगतचे ५ किलोमीटरपर्यंतचे पाणी पारंपरिक मासेमारांसाठी राखावे हे तत्त्व मान्य झाले. कायदा झाला, पण पाण्यावर रेघ ओढून ती पाळून घेणे सोपे नसते. २०१७ मध्ये केंद्र सरकारला प्रखर विजेच्या दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घालावी लागली, यावरून तो झगडा किती लांबला हे ध्यानात येते.

त्याच काळात किनाऱ्यावर दुसरी लाट आली. हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी परदेशी तरुण राहू लागले. पुढे मांद्रे व मोरजी येथेही पर्यटन पसरले. घरभाडे, उपाहारगृहे, पर्यटकांच्या होड्या यांतून पैसा आला, मुलांचे शिक्षण झाले, कौलारू घरांवर स्लॅब आले. हा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु जेथे जाळी वाळत घालीत तेथे खुर्च्या मांडल्या गेल्या आणि जेथे रापण ओढीत तेथे वाट मागावी लागू लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि महालातील जमिनीचे मोल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले.

मोरजीच्या टेंबावर अंडी घालण्यास येणाऱ्या सागरी कासवांची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडून पाण्याकडे धावतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी काढीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संरक्षणाचे काम सुरू झाले तेव्हा त्याचे पहारेकरी स्थानिक मासेमार कुटुंबांतूनच मिळाले. पिल्लांना समुद्राची दिशा कळावी म्हणून किनारा अंधारा हवा. आणि पर्यटनाला दिवे हवेत. कूर्मावताराला हात जोडणाऱ्या गावाने या दोहोंतून निवड करावयाची आहे.

येथे पुन्हा बहिणींची आठवण होते. मोरजाईच्या वाळूवर जे घडले तेच निराळ्या रूपाने लईराईच्या डोंगरावर घडले. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकांत डिचोली महालात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. त्यांनी रोजगार दिला, आणि शिरगावसारख्या गावात विहिरी आटल्याचे व शेते गाळाने भरल्याचे दुःखही दिले. २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. पुढे ते कधी सुरू, कधी बंद राहिले. एका बहिणीच्या गावाने डोंगर विकून पाहिला, दुसरीच्या गावाने किनारा. दोघींच्या लेकरांना एकमेकांच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

नामावलीत नसलेली माणसे

गोमंतकातील देवस्थानांच्या कारभाराला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी नियमनाची चौकट आली आणि १९३३ च्या नियमावलीने ती पक्की झाली. महाजनांची नामावली, अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, वार्षिक अंदाजपत्रक, प्रशासकाची देखरेख ही सारी व्यवस्था त्यातून आली. तिच्यामुळे देवस्थानांची मालमत्ता टिकली, हिशेब राहिले. परंतु नामावली ही हक्काची यादी असते, ती सेवेची यादी नसते. ज्याने तरंगाला खांदा दिला, ज्याने जत्रेच्या रात्री दिवट्या धरल्या, ज्याने मंडपासाठी डोलकाठ्या व दोर आणले, ज्या बाईने पाटीतल्या पहिल्या विक्रीचे नाणे देवीपुढे ठेवले, त्यांची नावे त्या यादीत नाहीत. चौकट आखली गेली तेव्हा कोण आत राहिले आणि कोण बाहेर, हा प्रश्न गोमंतकातील अनेक गावांत आजही विचारला जातो. त्याचे कायदेशीर उत्तर न्यायालये देतील. ऐतिहासिक उत्तर मात्र स्पष्ट आहे. समुद्रकाठचे देऊळ कोणा एकाच्या वर्गणीवर उभे राहिलेले नाही. ते साऱ्या गावाच्या वाट्यांवर उभे राहिले आहे.

रापणीचा नियम हाच की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळाला पाहिजे. देवळाच्या इतिहासालाही हाच नियम लावणे न्याय्य होईल. आज किनाऱ्यावर रापणी मोजक्याच उरल्या आहेत. ज्यांनी सुताची जाळी रंगविली, तरीतून म्हापशाला पाट्या नेल्या, नाकेबंदीच्या वर्षांत सीमेवर ताटकळत दिवस काढले, ती पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. त्यांच्या आठवणी, वाट्यांच्या रीती, वाऱ्यांची व मासळीची नावे, कोणत्या घराण्याकडे कोणत्या उत्सवाची कोणती सेवा होती याच्या कथा अद्याप लिहून घेता येतील. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक वही, एक होतकरू मुलगा किंवा मुलगी आणि एखादी निवांत दुपार पुरेशी आहे. देवस्थानच्या दप्तरात जमिनींच्या नोंदींशेजारी ती वही ठेवली गेली तर पुढील पिढ्यांना गावाचा पुरा इतिहास मिळेल.

नारळी पौर्णिमेला सोडलेला नारळ लाटेबरोबर कधी परत वाळूवर येतो. तो ज्याला सापडतो तो त्याची जात, नामावली वा वाडा पाहत नाही. समुद्राचा प्रसाद म्हणून कपाळाला लावतो. मोरजाईपासून लईराईपर्यंतच्या सर्व ग्रामदेवता या किनाऱ्यास व त्या डोंगरास तशीच समदृष्टी देवोत, आणि दर्यावर गेलेली प्रत्येक होडी सुखरूप परत आणोत.